बंदिवासातला नवस : सामाजी हसाजी दिवेकर

गेल्या पावसाळ्यात कमठाण्यात रविवारच्या शाळेच्या शिक्षकांचा एक लहानसा वर्ग भरला होता. धडा दानीएलाचा होता. बाबेलात बंदिवान होऊन गेलेली मुले राजाच्या ताटातले अन्न नाकारतात, आणि दानीएल दिवसातून तीन वेळा यरुशलेमेकडची खिडकी उघडून प्रार्थना करतो, हे लहान मुलांना कसे शिकवावे याची चर्चा चालली होती. तेव्हा आमच्यातल्या एका बहिणीने साधा प्रश्न विचारला. मुलांनी बाबेल पाहिलेले नाही आणि यरुशलेमही पाहिलेले नाही. तर आपल्या मुलखातला, आपली भाषा बोलणारा असा एखादा यहूदी बंदिवान त्यांना सांगता येईल काय? त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. बिदरला परत येताना वाटेत एक नाव आठवले, आणि हे नाव आधीच कसे सुचले नाही म्हणून माझी मलाच लाज वाटली.

ते नाव सामाजी हसाजी दिवेकर. हा मनुष्य जन्माने यहूदी, बोलीने मराठी, मूळचा कोकणातला. त्याने बंदिवास भोगला तो दूर फरात नदीकाठी नव्हे, तर आज आपण ज्या राज्यात राहतो त्याच कर्नाटकात. मुंबईच्या यहूदी लोकांत हे नाव आजही मानाने घेतले जाते. आपल्या मंडळ्यांत मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

सामाजींची गोष्ट समजण्यास त्यांचे लोक कोण होते हे आधी पाहिले पाहिजे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या बाजूला नवगाव म्हणून समुद्रकाठी एक गाव आहे. बेने इस्राएल लोकांची अशी परंपरा आहे की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे तारू तेथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती तेथेच पुरली. वाचलेल्यांजवळ काहीच राहिले नाही. शास्त्राची पुस्तके समुद्रात गेली. हे केव्हा घडले याविषयी विद्वानांचे एकमत नाही. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रक्तनमुन्यांच्या अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील यहूदी वंशाचा आणि येथील स्थानिक वंशाचा असे दोन्ही अंश सापडले, तेव्हा ही परंपरा अगदीच पोकळ नाही हे उघड आहे.

हे लोक कोकणात खेडोपाडी राहू लागले. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा झाला. पोशाख मराठी, भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली : दिवे गावचे ते दिवेकर, किहीमचे ते किहीमकर, राजपुरीचे ते राजपूरकर. नावेदेखील मराठी वळणाची झाली. शमुवेलाचा सामाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी झाला, अब्राहामाचा अबाजी झाला. म्हणून आपले चरित्रनायक हिब्रू रीतीने शमुवेल यहेज्केल, आणि कोकणच्या रीतीने सामाजी हसाजी.

शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. हे नाव विचार करण्यासारखे आहे. आठवड्याचे सहा दिवस घाणा फिरे आणि सातव्या दिवशी बैल सुटे. गावातले दुसरे तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत, हे शनिवारी ठेवीत. शनिवार का, असे कोणी विचारले असते तर त्यांना निर्गमाच्या पुस्तकातले विसावे प्रकरण दाखविता आले नसते, कारण पुस्तकच नव्हते. बाप ठेवीत होता म्हणून मुलगा ठेवीत होता. पण ठेवीत होता खरा. गरीब घरात आठवड्यातली एक दिवसाची मिळकत सोडून देणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या रोजंदारीवर जाणाऱ्या भावाबहिणींना सांगण्याची गरज नाही.

त्यांच्याजवळ दुसरे काय उरले होते? आठव्या दिवशी मुलाची सुंता. पर आणि खवले नसलेली मासळी न खाण्याचा नियम, जो लेवीयाच्या अकराव्या अध्यायात आहे. आणि हिब्रू भाषेचे एकच वाक्य, अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील चौथे वचन, ज्याला यहूदी लोक शमा म्हणतात. देव एकच आहे ही त्यातली साक्ष. शब्दांचा अर्थ त्यांना उलगडून सांगता येत नव्हता, तरी जन्माला, लग्नाला आणि मरणाच्या वेळी तेच म्हणत. एवढ्या भांडवलावर हे लोक शेकडो वर्षे टिकले.

सण होते, पण त्यांची हिब्रू नावे गेली होती आणि घरगुती मराठी नावे आली होती. वर्षारंभाला ते नव्याचा सण म्हणत. दुसऱ्या एका सणाला खीर होई म्हणून तो खिरीचा सण. पुरीमाला होळीचा सण म्हणत, कारण तो त्याच सुमारास येई. वल्हांडणाच्या दिवसांत आंबट पाण्याचे भांडे झाकून ठेवीत, त्यावरून त्याला अनशी ढाकाचा सण हे नाव पडले. आंबविलेले काही वापरायचे नाही एवढी आठवण त्या झाकणाने राखली होती. यरुशलेमेचे मंदिर पडले त्या दिवसाचा उपास होता, तो वालाच्या बिरड्याने सोडीत म्हणून बिरड्याचा रोजा. आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाला म्हणत दारफाळणीचा सण. आदल्या संध्याकाळी दारे लावून घ्यायची, पांढरी वस्त्रे नेसायची, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्नपाणी नाही आणि बाहेरच्या कोणाशी संबंध नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दानधर्म. लेवीयाचा सोळावा अध्याय ज्यांनी कधी वाचला नव्हता त्यांनी तो अध्याय आपल्या घराच्या कडीकोयंड्यात जपून ठेवला होता. मला तरी दारफाळणी या शब्दाइतका प्रायश्चित्ताच्या दिवसाचा चांगला अर्थ दुसऱ्या कोणत्या शब्दात सापडला नाही.

पुढे कोचीनकडचा दाविद रहाबी नावाचा एक यहूदी कोकणात आला. त्याच्या काळाविषयी वाद आहे. अठराव्या शतकात कोचीनला याच घराण्यातला याच नावाचा व्यापारी होऊन गेला, तोच हा, असे पुष्कळांचे मत आहे. या रहाबीने शनिवार तेल्यांची पारख कशी केली त्याची गोष्ट मोठी गोड आहे. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी टाकून ती रांधण्यास सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी उचलली व बाकीची बाजूला सारली. रहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतून तीन माणसे निवडून त्यांना धर्मविधी शिकविले, आणि ते काझी म्हणून गावोगाव फिरून लग्ने व सुंता करू लागले. एका जातीची ओळख विद्वानांच्या सभेत नव्हे तर चुलीपाशी पटली!

अशा लोकांत सामाजींचा जन्म झाला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल कुटुंबे कोकणातून मुंबईस येऊ लागली होती. काही सुतारकीत व बांधकामात गेले आणि बरेचसे कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. घाण्यावरच्या माणसाला शिपाईगिरी चांगली मानवली म्हणायची, कारण थोड्याच काळात या लहानशा समाजातून नावाजलेले देशी अंमलदार निघाले. सामाजी आणि त्यांचे बंधू इसाजी दोघेही पलटणीत होते, आणि सामाजी कमांडंट या हुद्द्यापर्यंत चढले. त्या काळी देशी माणसाला मिळणाऱ्या मोठ्या हुद्द्यांपैकी हा एक होता.

१७८० साली कंपनी आणि म्हैसूरचे हैदर अली यांच्यात दुसऱ्यांदा युद्ध पेटले. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर मरण पावला आणि त्याचा मुलगा टिपू सुलतान गादीवर आला. त्याच सुमारास जनरल मॅथ्यूज मुंबईची फौज घेऊन पश्चिम किनाऱ्यावर उतरला, घाट चढून गेला आणि जानेवारी १७८३ मध्ये त्याने बेदनूर घेतले. आज त्या गावाला नगर म्हणतात, ते शिवमोग्गा जिल्ह्यात आहे. बेदनूरला मोठा खजिना सापडला आणि त्याच्या वाटणीवरून इंग्रज अंमलदारांत आपसात भांडणे जुंपली. तेवढ्यात टिपू मोठे सैन्य घेऊन आला. वसंत ऋतू संपण्याच्या आत किल्ला पुन्हा त्याच्या हाती गेला आणि मुंबईची फौज शरण आली. शरणागतीच्या अटी कोणी मोडल्या याविषयी दोन्ही बाजूंनी एकमेकांना दोष दिला. इंग्रजांनी खजिना लपविला असे टिपूचे म्हणणे होते. मॅथ्यूज त्याच वर्षी श्रीरंगपट्टणाच्या कैदेत मेला.

या युद्धात दिवेकर बंधू टिपूचे कैदी झाले. कैदी निरनिराळ्या किल्ल्यांत ठेवले होते : श्रीरंगपट्टण, चित्रदुर्ग, बंगळूर, कब्बाळदुर्ग. म्हैसूरच्या सहलीला गेलेल्या आपल्यापैकी काहींनी श्रीरंगपट्टणाच्या तटातली ती कमानींची कोठडी पाहिली असेल, जिला आज कर्नल बेलीची कोठडी म्हणतात. कैद्यांच्या पायांत बेड्या असत, अन्न मोजके असे, रोगराई असे. कित्येक तरुण गोऱ्या कैद्यांची सक्तीने सुंता करून त्यांना सुलतानाच्या चाकरीत घेतले. देशी शिपायांपुढेही चाकरी बदलण्याचा मोह सतत होता, आणि पोटासाठी लढणाऱ्या शिपायाने धनी बदलला तर त्या काळी त्यात कोणाला मोठेसे नवल वाटत नसे. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. टिपू सुलतानाविषयी आपल्या राज्यात निरनिराळी मते आहेत आणि त्यावरून वादही होतात. या लेखाला त्या वादात पडायचे नाही. त्या काळच्या लढाईत दोन्ही बाजूंचे कैदी दुःख भोगीत होते, आणि खेड्यातल्या रयतेला तर दोन्ही फौजांनी लुटले.

आता त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट. कैद्यांना सुलतानापुढे उभे केले आणि त्यांना ठार मारण्याचे ठरत होते. एकेकाला जात विचारण्यात आली. दिवेकरांची पाळी आली तेव्हा त्यांनी आपण बेने इस्राएल आहोत असे सांगितले. टिपूची आई पडद्याआडून ऐकत होती. इस्राएलाची संतती हे नाव कुराणात वारंवार येते, सतराव्या सुऱ्याला तर तेच दुसरे नाव आहे. तिने ते नाव आयुष्यभर ऐकले होते, पण त्या नावाचा जिवंत मनुष्य कधी पाहिला नव्हता. ज्यांचे नाव धर्मग्रंथात आहे त्यांना मारू नये, अशी तिने मुलाला विनंती केली आणि त्यांचे प्राण वाचले.

इतिहास लिहिणारे असेही सांगतात की ११ मार्च १७८४ रोजी मंगळूरचा तह झाला आणि त्या तहाने कैदी सुटले. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. आईच्या शब्दाने जीव वाचला असेल आणि तहाने बेडी निघाली असेल. सामाजींनी त्या वेळी काय सांगितले, इकडे मला आपल्या शिक्षकांचे लक्ष वेधायचे आहे. ते कोकणातले तेली आहोत असे सांगू शकले असते. गावात त्यांना तेच नाव होते. कंपनीचे शिपाई आहोत असेही सांगता आले असते, कारण पगार तेथूनच मिळत होता. मरणाच्या दारात त्यांनी जे नाव सांगितले ते पलटणीच्या यादीतले नव्हते आणि गावाने दिलेलेही नव्हते. शास्त्र हरवले, भाषा हरवली, मंदिर पाहिलेले नाही, तरी ते एक नाव घरात म्हटल्या जाणाऱ्या त्या एका वाक्यातून त्यांच्याजवळ आले होते. दर शनिवारी घाणा थांबविणाऱ्या आजोबांना ठाऊक नव्हते की आपण नातवाचा जीव राखून ठेवीत आहोत.

बंदिवासातच सामाजींनी नवस केला, असे परंपरा सांगते. देवाने आपल्याला मुंबईस सुखरूप पोचविले तर त्याच्या भजनासाठी तेथे सभास्थान बांधू. तोपर्यंत भारतात कोचीनच्या यहूद्यांची सभास्थाने होती, पण बेने इस्राएल लोकांचे एकही नव्हते. प्रार्थना घरात होई, सण घरात होई. समाज एके ठिकाणी जमेल असे छप्परच नव्हते. बंदिवासात पडलेल्या माणसाने स्वतःसाठी घर मागावे हे स्वाभाविक. या माणसाने देवासाठी घर मागितले, म्हणजे आपल्या लोकांना एकत्र आणील असे घर.

नवस आपण सर्वच ऐकतो. रुग्णशय्येवर केलेले, कोर्टाच्या पायरीवर केलेले, परीक्षेच्या आदल्या रात्री केलेले नवस किती पाळले जातात हे पाळकांना विचारावे. तुरुंगातले नवस बाहेरच्या उन्हात लवकर वाळतात. सामाजी १७८४ साली सुटले आणि सभास्थान उघडले १७९६ च्या मे महिन्यात. मधली बारा वर्षे! कोठडीतले दिवस अवघड होते यात शंका नाही, पण तेथे मनुष्याला धीर धरण्यावाचून गत्यंतर नसते. घरी परतल्यावर, पगार चालू झाल्यावर, मुलाबाळांत बसल्यावर तोच धीर बारा वर्षे टिकविणे हे मला अधिक कठीण वाटते. त्या बारा वर्षांत मुंबईच्या बेने इस्राएल लोकांत धनवान कोणी नव्हते. शिपाई, सुतार, तेली असे हे लोक. जागा घ्यायची, चुना व लाकूड आणायचे, आणि ज्यांनी सभास्थान कधी पाहिले नाही त्यांना ते कशासाठी हवे हे समजावून सांगायचे, अशी ही कामगिरी होती. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड असावी. दोन हजार वर्षे आपण घरात प्रार्थना करून टिकलो, मग आता भिंती कशाला, असा प्रश्न एखाद्या म्हाताऱ्याने विचारला असता तर तो चुकीचा म्हणता आला नसता.

सभास्थान मुंबईच्या मांडवी भागात उभे राहिले. त्याचे हिब्रू नाव शाआर हारहामीम, म्हणजे दयेचे द्वार. हे नाव का ठेवले असेल ते निराळे सांगायला नको. बेने इस्राएल लोक आपल्या सभास्थानाला मशीद म्हणत. कोकणात मुसलमान शेजाऱ्यांच्या संगतीत राहून त्यांनी हा शब्द उचलला होता. पुढे दुसरी सभास्थाने झाली तेव्हा ही जुनी मशीद झाली. त्या रस्त्याला शमुवेलाच्या नावावरून सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. जवळच्या रेल्वे स्टेशनाला मशीद हे नाव मिळाले तेही या सभास्थानावरूनच असे सांगतात. मुंबईला जाताना आपण लोकलच्या डब्यात ते नाव किती वेळा ऐकतो! १८६० साली जवळच नव्या जागी आजची इमारत झाली.

अशी इमारत झाली, पण तीत वाचायचे काय? यहूदी सभास्थानात वेदीच्या जागी एक कपाट असते आणि त्यात मोशेच्या पाच पुस्तकांचा पट ठेवलेला असतो. त्याला सेफर तोरा म्हणतात. हा पट छापलेला चालत नाही. शुद्ध प्राण्याच्या कमावलेल्या कातड्यावर, बोरूने, शिकलेल्या लेखकाने तो एकेक अक्षर पाहून उतरवायचा असतो. त्यात ३,०४,८०५ अक्षरे असतात. एक अक्षर गळले किंवा पुसले तर दुरुस्त होईपर्यंत तो पट उपासनेत वाचीत नाहीत. लिहायला वर्षभराहून अधिक काळ लागतो. अशा पटातून दर शब्बाथी एक भाग वाचून वर्षभरात पाचही पुस्तके पुरी करावयाची, आणि वाचनासाठी निदान दहा प्रौढ पुरुष हजर असले पाहिजेत. मुंबईत दहा पुरुष होते, वीसही होते. लिहिणारा नव्हता, आणि पट मिळणे कठीण होते.

पट मिळण्याचे ठिकाण कोचीन. तेथल्या यहूद्यांजवळ प्राचीन ताम्रपट होता, विद्वान होते, आणि मट्टनचेरीला १५६८ साली बांधलेले परदेशी सभास्थान होते. त्याच्या जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्यापांढऱ्या फरशा अठराव्या शतकात बसविल्या होत्या, त्या आजही पाहायला मिळतात. बेने इस्राएल लोकांना धर्म शिकविणारा रहाबी तिकडचाच. तेव्हा सामाजी उतारवयात पुन्हा दक्षिणेकडे निघाले. पहिल्या वेळी ते हातात शस्त्र घेऊन गेले होते आणि बेडीत अडकले होते. या वेळी ते देवाच्या वचनाचा पट आणण्यासाठी चालले होते.

१७९७ साली कोचीनमध्येच त्यांना मरण आले. सभास्थान उघडून एक वर्ष झाले होते. पट घेऊन मुंबईस परतणे त्यांच्या नशिबी नव्हते. ज्या कपाटासाठी पट हवा होता ते कपाट त्यांनी केले होते, पण त्यापुढे उभे राहून पट उघडलेला पाहिला नाही. मोशेने नबोच्या डोंगरावरून देश पाहिला, त्याचीच आठवण होते. पण मोशेपाशी निदान नियमशास्त्र तरी होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून धर्मशिक्षक मुंबईस आले आणि उपासना शिकवू लागले. पट आले. रेवदंडा, अलिबाग, पनवेल अशा गावी सभास्थाने झाली. आणि येथे आपल्या मंडळीचा इतिहास त्यांच्या इतिहासाला येऊन मिळतो. १८१३ साली अमेरिकन मिशनचे लोक मुंबईस आले. त्यांनी मराठी शाळा काढल्या तेव्हा कोकणच्या शाळांतून बरेच बेने इस्राएल तरुण शिक्षक झाले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण काढले आणि त्यांच्या शाळेत ही मुले हिब्रू शिकली. मराठी शास्त्र छापून आले तेव्हा ज्यांच्या घरी दारफाळणी होती त्यांना तिचा अध्याय आपल्या मायबोलीत वाचायला मिळाला. मिशनऱ्यांना आशा होती की हे वाचून ते ख्रिस्ताकडे वळतील. वळले फार थोडे. बहुतेकांनी जुना करार वाचला आणि ते अधिक चांगले यहूदी झाले. यावर आपल्या मंडळ्यांत कोणी हळहळेल. मला मात्र असे वाटते की ज्या देवाचे वचन आपण छापले त्याच्याच हाती त्याचा परिणाम सोपविला पाहिजे, आणि त्या भावांनी मिशनच्या उपकारांची आठवण प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे हेही विसरू नये.

ती आठवण लिहिणारे हायेम सामुएल किहीमकर. त्यांनी आपल्या समाजाच्या मुलांसाठी १८७५ साली मुंबईत शाळा काढली आणि समाजाचा मोठा इतिहास लिहिला. तो १८९७ साली लिहून झाला होता, पण छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, लेखकाच्या मरणानंतर. दिवेकरांचा पट आणि किहीमकरांचे पुस्तक या दोहोंची तऱ्हा एकच झाली.

१९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्राएल देशात गेली. तेथेही त्यांना एकदा आपली ओळख पटवावी लागली. काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्याशी लग्नसंबंध जोडण्यास हरकत घेतली, मोठी चळवळ झाली, आणि १९६४ साली ते सर्व बाबतींत पूर्ण यहूदी आहेत हे मान्य करण्यात आले. भारतात आता काही हजारच उरले आहेत. इस्राएलात गेलेल्यांपैकी पुष्कळ वृद्ध मंडळी घरात अजून मराठी बोलतात, आणि एलिया संदेष्ट्याच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा अजून होतो. या विषयावर एक निराळाच लेख होईल.

ही सारी माहिती जमवून मी पुन्हा कमठाण्यास गेलो. त्या रविवारी पाळक दुसऱ्या गावी होते, आणि आपल्याकडच्या लहान मंडळ्यांत हे नेहमीचेच आहे. पाच-सहा कुटुंबे, एक पेटी, दोन शास्त्रे आणि गीतांचे एक सुटलेले पुस्तक. घरात मराठी, बाजारात दखनी आणि सरकारी कागदावर कन्नड. म्हातारी माणसे शास्त्र मराठीत मागतात, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना मराठी अक्षरे नीट लागत नाहीत. काही आया मुलांना वचने तोंडी पाठ करून घेतात. अशा ठिकाणी काय शिकवायचे आणि ते किती दिवस टिकणार, असे शिक्षकांनाही कधी कधी वाटते. मलाही वाटले आहे.

मी फळ्यावर नकाशा काढला. अलिबाग दाखविले, मुंबई दाखविली, बेदनूर आणि श्रीरंगपट्टण दाखविले, खाली कोचीन दाखविले. बिदर कोठे ते मुलांनीच येऊन खडूने दाखविले. शनिवारी थांबणाऱ्या घाण्याची गोष्ट त्यांना फार आवडली, कारण बैल सर्वांना माहीत आहे. मासळीच्या परीक्षेला बहिणी हसल्या. दिवेकर कोचीनला वारले येथे मी थांबलो. तेव्हा मागच्या ओळीतल्या एका मुलाने विचारले, मग ते पुस्तक आले की नाही? आले, मी सांगितले, पुढे दुसऱ्यांनी आणले, आणि एक नव्हे, बरेच आले. त्याला आणखी काही विचारायचे होते, पण उपासनेची वेळ झाली होती. त्याच्या आजीने त्याला पुढे बोलावून घेतले आणि त्या आठवड्याचे वचन म्हणायला उभे केले.